पायव्हिम: एडिटर वापरण्याआधी वाचून बघा

व्हिम पहिल्यांदा उघडल्यावर टाईप करायला जावं तर भलतंच काहीतरी होतं. तुमचंही झालं असेल. व्हिम मोडल एडिटर आहे. इन्सर्ट मोडमध्ये 'डी' दाबलं की डी उमटतो. नॉर्मल मोडमध्ये तेच बटण म्हणजे 'खोडा'. काय खोडायचं ते पुढचं बटण सांगतं: 'डब्ल्यू' म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. आधी क्रियापद, मग कर्म. (काकून नावाच्या एडिटरमध्ये आधी मजकूर निवडतात, मग क्रिया सांगतात. मराठी माणसाला तो क्रम जवळचा वाटावा!)

हे आतून कसं चालतं ते बघायचं असेल तर व्हिमचा मूळ सी कोड नवख्याला जड जातो. त्याऐवजी पायव्हिम उघडा. जोनाथन स्लेंडर्स यांनी व्हिमची ही प्रतिकृती निव्वळ पायथॉनमध्ये लिहिली, ओपन सोर्स आहे. बटणांचं बरंचसं काम त्यांच्याच प्रॉम्प्ट टूलकिट या लायब्ररीत होतं.

खरी गंमत तिथेच आहे. 'डी डब्ल्यू' अशी जोडीची आज्ञा कुठेही वेगळी लिहिलेली नाही. 'डब्ल्यू'चं फंक्शन फक्त कुठून कुठपर्यंत ते सांगणारा ऑब्जेक्ट परत करतं. 'डी'च्या फंक्शनला तो ऑब्जेक्ट मिळतो आणि तेवढा भाग ते खोडतं. खोडणं, बदलणं, कॉपी करणं या ३ क्रिया आणि १० प्रकारचे भाग धरा: लिहायच्या १३ गोष्टी, मिळतात ३० आज्ञा. उद्या तुम्ही एक नवा भाग शिकवलात, तर तिन्ही क्रियांना तो आपोआप कळतो.

आता दुसरी बाजू. इथे अख्खी फाईल ही पायथॉनची एकच स्ट्रिंग असते, आणि पायथॉनची स्ट्रिंग बदलता येत नाही. म्हणजे १० एमबीच्या फाईलमध्ये एक अक्षर घातलं तरी १० एमबीची नवी स्ट्रिंग तयार होते. अनडूसाठीही पूर्ण मजकूरच साठवला जातो. व्हिम मजकूर छोट्या ब्लॉकमध्ये, झाडासारख्या रचनेत ठेवतो, म्हणून त्याला हे ओझं होत नाही. तेव्हा मोठ्या लॉग फाईलसाठी पायव्हिम वापरू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

आणि हो, आयपायथॉन वापरत असाल तर हा कोड तुमच्याकडे आधीच आहे. २०१६ मधल्या ५.० आवृत्तीपासून ते प्रॉम्प्ट टूलकिटवरच चालतं. सेटिंगमध्ये एडिटिंग मोड 'व्हीआय' करा आणि 'डी डब्ल्यू' दाबून बघा. आधी एस्केप दाबायला मात्र विसरू नका.