किन्नौर-स्पितीचा प्रवास : वाट निवडताना चढ पाहावा

उन्हाळी सुटी जवळ येऊ लागली की महाराष्ट्रातील शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या घरोघरी हिमाचल प्रदेशाचा नकाशा उलगडला जातो. सिमला, कुलू, मनाली ही नावे आपल्याकडे दोन पिढ्यांच्या परिचयाची आहेत. अलीकडे त्यांत स्पितीच्या खोऱ्याची भर पडली आहे. तिबेटच्या सीमेलगतचा हा उघडाबोडका, रंगीत डोंगरांचा मुलूख ज्याने एकदा पाहिला तो त्याचे वर्णन करताना थकत नाही. परंतु या प्रवासाची आखणी बहुधा पाहावयाच्या स्थळांची यादी करून व ती उपलब्ध दिवसांत बसवून केली जाते. मैदानी प्रदेशात ही रीत चालून जाते. स्पितीत मात्र कोणते स्थळ पाहिले यापेक्षा कोणत्या क्रमाने व किती दिवसांत वर चढलो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रवाशाची प्रकृती, प्रसंगी त्याचा जीवही, त्यावर अवलंबून असतो.

याचे कारण आपल्या भूगोलातच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. महाबळेश्वरला थंड हवा खाणारा मनुष्य १,४०० मीटरच्याही आत असतो. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीराला खऱ्या उंचीचा अनुभव कधी आलेलाच नसतो. स्पितीचे मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटरवर वसले आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच, म्हणजे शेकडा २१ असते; परंतु हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायू त्या मानाने कमी पडतो. शरीर याची भरपाई करू शकते. श्वासाची गती वाढते, रक्तात हळूहळू फेरबदल होतात. मात्र त्यासाठी त्याला काही दिवस द्यावे लागतात.

दोन वाटा

काझाला जाण्याच्या वाटा दोन आहेत. पहिली मनालीहून. हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड ओलांडावी लागत नाही. बोगद्यापलीकडे कोकसर, ग्रामफू करीत रस्ता चंद्रा नदीच्या काठाने वर जातो व सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरतो. दुसरी वाट सिमल्याहून नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ व ताबो अशी सतलजच्या आणि पुढे स्पिती नदीच्या कडेने जाते. ही वाट चारशे किलोमीटरहून अधिक लांब आहे.

साहजिकच ज्यांच्या हाती दिवस थोडे असतात ते पहिली वाट धरतात. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. सकाळी तेथून निघालेला प्रवासी रात्री काझाला पोहोचला तर एका दिवसात त्याचा मुक्काम १,६०० मीटरने वर गेलेला असतो. वाटेत चंद्रताल सरोवराजवळ तंबूत राहण्याचा बेत असेल तर ही उडी २,२०० मीटरची होते. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य संकेत असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये व दर हजार मीटर चढल्यानंतर एक दिवस विसाव्याचा ठेवावा. बोगद्याने वेळ वाचविला हे खरे. चढ तेवढाच राहिला आहे, आणि तो आता अधिक घाईने चढला जातो. चंद्रतालची पहिली रात्र डोके धरून काढणारे प्रवासी विरळा नाहीत.

सिमल्याची वाट लांबची असली तरी शरीराच्या दृष्टीने तीच सरळ आहे. तिच्यावर मुक्काम कसे करावेत हे थोडे तपशिलाने पाहू.

सिमला ते काझा

मुंबई-पुण्याकडील प्रवाशाने दिल्लीमार्गे चंदीगड किंवा कालका गाठावे. कालका-सिमला हा ९६ किलोमीटरचा छोट्या रुळांचा लोहमार्ग १९०३ साली सुरू झाला व २००८ साली जागतिक वारसा यादीत गेला. मोटारीपेक्षा त्याला वेळ अधिक लागतो, पण मुले बरोबर असतील तर तो वेळ सत्कारणी लागतो. सिमल्याची उंची सुमारे २,२०० मीटर. दुसरा मुक्काम सराहनला करावा. उंची जवळजवळ तीच, त्यामुळे शरीराला विसावा मिळतो. येथे पूर्वीच्या बुशहर संस्थानची उन्हाळी राजधानी होती. भीमाकालीच्या मंदिरात लाकडाच्या तुळया व दगडांचे थर आलटून-पालटून रचलेले दिसतात. भूकंपप्रवण डोंगरात ही रचना हादरे सोसते, हे तेथील गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ओळखले होते.

पुढे किन्नौर. रेकाँग पिओच्या वर, २,९०० मीटरच्या सुमारास कल्पा हे गाव आहे आणि तेथे दोन रात्री काढाव्यात. समोर किन्नर कैलासाची रांग दिसते, सफरचंदाच्या बागा आहेत. वेळ जात नाही असे होत नाही. पंचायत सदस्यांना व शिक्षकांना या गावाविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटावी. स्वतंत्र भारतातील पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्याम सरन नेगी येथलेच, आणि ते शाळेत शिक्षक होते. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होत असल्याने देशात इतरत्र मतदान होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९५१ मध्ये, येथे मतदान घेण्यात आले होते. नेगी यांचे निधन नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले.

कल्पानंतरच्या मुक्कामाबाबत मात्र थोडा विचार करणे इष्ट आहे. अनेक प्रवासी नाको येथे राहतात. नाको सुमारे ३,६०० मीटरवर आहे; म्हणजे कल्पाहून एका दिवसात ७०० मीटरची चढण होते. त्याऐवजी पहाटे निघून नाको, त्याचे लहानसे तळे व जुना मठ दुपारी पाहावा आणि पुढे उतरून ताबोला मुक्काम करावा. ताबोची उंची ३,२८० मीटरच्या आसपास आहे. दिवस मोठा होतो, सात-आठ तास गाडीत जातात. पण झोपण्याची जागा चारशे मीटरच्या आतच वर सरकते. दुसऱ्या दिवशी ताबोहून काझा केवळ ४७ किलोमीटर, चढही तितकाच सौम्य. वाटेत धनकरचा मठ पाहता येतो. पिन व स्पिती या नद्यांच्या संगमावरील एका ठिसूळ सुळक्यावर तो उभा आहे व २००६ साली जगातील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश झाला होता.

ताबोला सकाळ राखून ठेवावी. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून मातीच्या गढीसारखा साधा दिसतो. आतील अंधारात डोळे स्थिरावल्यावर भिंतींवरील चित्रे आणि भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती हळूहळू प्रकट होतात. मातीची वास्तू हजार वर्षे टिकली याचे मोठे श्रेय हवामानाला आहे. मोसमी ढग दक्षिणेकडील रांगांनी अडविले जातात व स्पितीत पाऊस नाममात्र पडतो. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात मठाची हानी झाली, त्यानंतर १९८३ मध्ये शेजारी नवे सभागृह बांधण्यात आले. जुन्या मंदिरात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. ती पाळावी, नाहीतरी त्या अंधाराचे छायाचित्र निघत नाही.

काझाला तीन रात्री असाव्यात. लांगझा, हिक्किम, कोमिक ही ४,४०० मीटर व त्याहून उंच असलेली गावे दिवसा पाहून रात्री काझाला परतावे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणे हा गिर्यारोहकांचा जुना शिरस्ता आहे. हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून सुरू असून जगातील सर्वांत उंच टपाल कार्यालय म्हणून त्याची ख्याती आहे. तेथून घरी पत्र टाकण्याचा मोह कोणाला आवरत नाही.

महिना कोणता?

येथे आपली शालेय सुटी व तेथील बर्फ यांचा मेळ बसत नाही. कुंझुमची खिंड सामान्यतः मेअखेर किंवा जूनमध्ये खुली होते व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंद होते. तेव्हा मे महिन्यात जाणाऱ्याने आल्या वाटेनेच सिमल्याला परतण्याचा बेत करावा. मनालीमार्गे परतण्याचे आरक्षण आधीच करून ठेवणे धोक्याचे होय. जूनच्या पूर्वार्धात, खिंड खुली झाल्याची खात्री काझा येथेच करून घेऊन, मनालीकडे उतरता येते. तोवर शरीर सरावलेले असते आणि तीच कुंझुम फारसा त्रास देत नाही.

जुलै-ऑगस्टबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. स्पितीत पाऊस नसला तरी तेथे नेणारा किन्नौरचा खालचा भाग पावसाच्या माऱ्यात येतो. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यातील बटसेरी येथे दरडीचे दगड वाहनावर कोसळून नऊ पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, निगुलसरी येथे राष्ट्रीय महामार्गावर डोंगर खचला आणि प्रवासी बस व इतर वाहने गाडली जाऊन २८ जणांचा बळी गेला. हे दोन महिने शक्यतो टाळावेत. ज्यांना रजा मिळू शकते त्यांच्यासाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध सर्वांत चांगला. दिवाळीच्या सुटीत आकाश निरभ्र असते, पण काझाची रात्र शून्याखाली गेलेली असते.

कोणत्याही महिन्यात दरड, बर्फ किंवा रस्तादुरुस्ती यांमुळे एखादा दिवस अडकून पडण्याची तयारी असावी. वर दिलेल्या क्रमाने सिमल्यापासून काझापर्यंत व परत असे अकरा-बारा दिवस लागतात. रजेचा अर्ज करताना त्यात दोन दिवस अधिक मागून घ्यावेत. परतीच्या गाडीचे आरक्षण हुकेल या धास्तीने रात्री घाट उतरण्यास चालकाला भाग पाडणारे प्रवासी स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतात.

प्रकृती

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक मंदावणे, झोप न लागणे ही उंची न मानवल्याची पहिली लक्षणे. ती दिसताच पुढे चढणे थांबवावे, विश्रांती घ्यावी. एका दिवसात आराम न पडल्यास खाली उतरावे. बसल्याजागी धाप लागणे, सतत खोकला, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही लक्षणे जिवावर बेतणारी आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला खाली नेणे हाच मुख्य उपचार होय. काझा व रेकाँग पिओ येथे शासकीय रुग्णालये आहेत. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीसाठी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषधही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे; सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. सहलीत एकाला त्रास होतो आणि बाकीच्यांचा विरस नको म्हणून तो गप्प राहतो, असे वारंवार घडते. म्हणून सहलप्रमुखाने रोज रात्री प्रत्येकाची चौकशी करण्याचा परिपाठ ठेवावा.

गावात राहताना

स्पितीत घरगुती निवासाची सोय अनेक गावांत आहे व हॉटेलापेक्षा ती पत्करावी. जव व वाटाणा ही तेथील पिके वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, लहान पाटांच्या आधाराने येतात. बर्फ कमी पडलेल्या वर्षी पिण्याच्या पाण्याचीही ओढ लागते. अशा गावात दिवसातून दोनदा स्नानासाठी गरम पाणी मागणे शोभत नाही. घरातील कोरडे शौचालय पाहून नाक मुरडण्याचेही कारण नाही. वरच्या मजल्यावरील मातीच्या जमिनीला एक भोक, खाली बंद कोठी, वर राख-मातीचा थर. पाण्याचा थेंबही न वापरता वर्षभराने शेताला खत मिळते. ग्रामस्वच्छतेचे काम करणाऱ्या आपल्या पंचायत सदस्यांनी ते मुद्दाम पाहून घ्यावे.

भारतीय नागरिकास या मार्गावर परवाना लागत नाही. ओळखपत्र जवळ असावे. रोख रक्कम पुरेशी घ्यावी. रेकाँग पिओखालील पवारी येथे इंधनाची टाकी भरून घ्यावी, कारण त्यानंतर काझापर्यंत पंपाचा भरवसा धरता येत नाही. स्वतंत्र वाहन परवडत नसेल तर हिमाचल पथ परिवहन महामंडळाची बस रेकाँग पिओहून सकाळी काझाकडे निघते. आसन मिळवायचे असल्यास आदल्या दिवशीच स्थानकावर चौकशी करावी.