विसराळू दुकानदाराची चिठ्ठी

कोथरूडच्या एका वर्गात 'कुकी म्हणजे काय?' असे विचारले. उत्तर आले, 'बिस्किट!' नावच तसे, मुले काय करणार? मग खेळ खेळलो. एक मुलगा दुकानदार झाला. गिऱ्हाइकाने पाठ फिरवताच सारे विसरणारा. वेबसाइटचा संगणकही असाच, प्रत्येक मागणी त्याला नवीच. म्हणून १९९४ साली नेटस्केपमधील लू माँटुली यांनी युक्ती काढली. दुकानदाराने क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. गिऱ्हाइकाने ती खिशात ठेवून दर खेपेला दाखवायची. खिसा म्हणजे ब्राउझर.

आता समजा, कर्वे रस्त्यावरच्या दहा दुकानांत एकच जाहिरातवाला बसला आणि आपलीही चिठ्ठी देऊ लागला. कुठे वही घेतली, कुठे औषध, सगळे त्याला कळते. चिठ्ठीवर नाव नसले तरी! २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा असा माग काढण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे. शेवटी एका मुलीने खिसाच रिकामा केला. दुकानदार म्हणाला, 'आपण कोण?'