चाळीस मायक्रॉनचा हिशेब

काळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. हे गोल तिथं खरे नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना, कसेही पडलेले असतात. त्यांपैकी प्रतिबिंबाला वेढा घालतील अशा दिशेचे तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात, बाकीचे लपून राहतात. आपण एक पाऊल बाजूला सरकलो की जाळंही सरकतं. कोल्हापुरात उद्यमनगराच्या एका गल्लीतल्या मिस्त्रींनी मला हे एलईडी दिव्याची पट्टी पत्र्यावर फिरवून दाखवलं. ‘‘म्हणून हातानं पॉलिश करताना गोल फिरवायचं न्हाई, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘सरळ वढायचं, बॉनेटच्या लांबीत. चुकून चरा ऱ्हायला तरी एकाच बाजूनं दिसतोय.’’

गाडीचं पॉलिश हातानं करून घ्यावं की मशीननं, एवढाच प्रश्न देऊन संपादकांनी मला पाठवलं होतं. नव्या गाडीला मशीन लावू देऊ नका, असं बजावणारी माणसं घरोघरी असतात. हातानं काही होत नाही, नुसतं तेल चोपडल्यासारखं होतं, असं सांगणारे दुकानदारही असतात. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते कळायला आधी रंग किती जाड असतो हे बघावं लागतं.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड. तळाला गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा पातळसा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर. या क्लिअरची जाडी बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे धरून चाला चाळीस. चमक त्याचीच आणि उन्हापासून राखणही त्याचीच. पॉलिश म्हणजे या चाळिसातलं थोडं खरवडून काढणं. ओरखडा भरून येत नसतो. त्याच्या आजूबाजूची जागा त्याच्या तळापर्यंत खाली आणायची असते. एकदा गेलेला मायक्रॉन परत येत नाही.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. गल्लीत लहानमोठे सगळे त्यांना मामा म्हणतात. हाताला काम लागलं ते फियाट आणि अँबॅसडर धुण्या-पुसण्यानं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनी तेव्हा कोल्हापुरातही भरपूर. त्या गाड्यांवर क्लिअर नव्हता, रंगच थेट वर. घासलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, लाल गाडीचं फडकं लाल. किती रंग गेला हे डोळ्यांना दिसायचं, त्यामुळे हात आपोआप आवरायचा. आताच्या गाडीचा क्लिअर निघतो तो पारदर्शकच. फडकं काही सांगत नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगते. ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा लॅकर १९२३ साली आला, १९२४च्या ओकलंड गाड्यांवर तो चढला, आणि रंग वाळण्यात जाणारे आठवडे वाचले. पण लॅकर वाळल्यावर मंद दिसायचा. त्याला तकाकी घासूनच आणावी लागे. पॉलिश बनवणारी मेग्वायर्स त्याहून जुनी, १९०१ची, आणि तिची सुरुवात लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून झाली. घासणं आलं ते सुतारकामातून आणि मशीन आलं ते लोखंडकामातून. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीनं १९५४ साली जलद गतीचा अँगल ग्राइंडर काढला. आपल्याकडे ज्याला नुसतं ‘बफिंग मशीन’ म्हणतात ते रोटरी मशीन बहुतांशी त्याच घराण्यातलं आहे, फक्त गती कमी केलेली.

मामांच्या शेडमध्ये असं एक रोटरी खिळ्याला टांगलेलं आहे. त्याचं गणित त्यांनी तोंडानं सांगितलं, आकडे मी घरी येऊन मांडले. १५० मिलिमीटरचा बफ, म्हणजे मशीनची घासणारी गादी, मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ १२ मीटर वेगानं रंगावरून जाते. हात फार तर एक मीटर. शिवाय बफाच्या मध्यावर वेग शून्य आणि कडेला सर्वांत जास्त, म्हणजे एकाच बफाखाली एका जागी काही होत नाही आणि चार बोटांवर रंग तापतो. लोकरीचा बफ लावून हे मशीन जरा तिरकं धरलं, की ते एका बाजूनं चावतं आणि मागे फिरत्या छटा सोडतं. कंपाउंडमधलं, म्हणजे घासायच्या लेपातलं, तेल पत्र्यावर असेपर्यंत त्या दिसत नाहीत. गिऱ्हाईक खुशीत गाडी घेऊन जातं, दोनदा गाडी धुतल्यावर उन्हात त्या वर येतात.

पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्या मशीनवर. हे ऑर्बिटल. मोटरच्या दांड्यावर बफाची बैठक मध्यावर नसून बाजूला, काही मिलिमीटर सरकवून बसवलेली असते, आणि तीही एका मोकळ्या बेअरिंगवर. त्यामुळे बफ दोन गोष्टी करतो. जागच्या जागी छोटे घेर घेतो, हे मोटर करायला लावते. त्याच वेळी स्वतःभोवतीही हळूहळू फिरतो. ते मोटर करत नाही, बेअरिंगच्या घर्षणानं जेवढं ओढलं जाईल तेवढंच. १५ मिलिमीटर व्यासाच्या घेराचं मशीन मिनिटाला चार हजार घेर घेत असेल तर बफाचा प्रत्येक बिंदू, मधलाही आणि कडेचाही, सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगानं चालतो. कडेला जास्त आणि मध्ये शून्य, हा भेद जवळजवळ संपतो.

मामांनी बैठकीच्या कडेवर काळ्या मार्करनं एक रेघ ओढलेली आहे. मशीन चालू केलं की ती रेघ गरगरताना दिसते. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘आता दाबा.’’ मी दाबलं. मोटरचा आवाज तसाच, थरथर तशीच, पण रेघ जागच्या जागी थांबली. बफ फिरायचा थांबला होता. बेअरिंगची ओढ माझ्या दाबापुढे कमी पडली होती, त्यासरशी कापणंही एकदम घटलं. हात सैल केला, रेघ पुन्हा फिरू लागली. मशीन तिरकं झालं तरी हेच होतं, मडगार्डच्या गोलाईवर चढलं तरी हेच. ओढ मुद्दाम एवढीच ठेवलेली आहे की जास्त जबरदस्ती केली तर मशीन माघार घेतं. मी खूप वेळ ती रेघ थांबवत आणि सोडत बसले. माणसाच्या उतावळेपणाची इतकी नेमकी सोय केलेलं यंत्र मी क्वचितच पाहिलं आहे.

‘‘हात दमतोय, म्हणून रंग वाचतोय,’’ मामा म्हणाले. ‘‘रोटरी कुठं दमतंय? हे मात्र दमल्यागत करतंय.’’

मग हाताचं काय उरतं? बरंच. दरवाज्याच्या हँडलमागची वाटी, जिथं नखांचे ओरखडे पडतात. आरशाच्या खालची बेचकी. अक्षरांच्या मधल्या फटी. तिथं बफ पोचत नाही. शिवाय गाडी धुतल्यावर मामा हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवतात. नुसत्या बोटाला न जाणवणारी कणी पिशवीतून खरखरते. ती असेल तर आधी क्लेनं, म्हणजे मातीसारख्या चिकट वडीनं, उचलायची, मगच पुढचं. पण खरा ओरखडा हातानं काढणं अवघड, याचं एक कारण कंपाउंडमध्ये आहे. बऱ्याच कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक व्हावेत अशा बेतानं केलेले असतात: सुरुवातीला कापायचं, शेवटी चकचकवायचं. हाताच्या जोरानं ते पुरते फुटत नाहीत. मग जुना ओरखडा अर्धवट राहतो आणि वर नवा धूसरपणा येतो.

इथवर मामांचा पक्ष ठरलेला आहे: मोकळ्या पत्र्याला ऑर्बिटल, अडचणीच्या जागी हात, रोटरी जवळजवळ कधीच नाही. अडचणी त्यापुढच्या, आणि त्या मशीनच्या निवडीनं सुटत नाहीत.

पहिली अडचण कडांची. ओला रंग कडेवरून सरकतो, त्यामुळे बॉनेटची धार, दरवाज्याची कड, अंगावरची उभारलेली रेघ इथं तो मुळातच पातळ असतो. मामा अशा सगळ्या कडांवर टेप लावतात आणि त्यात वेळ जातो. बंपर प्लॅस्टिकचा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं, म्हणून बंपर आधी जळतो. जाडी मोजण्याचं त्यांचं यंत्र धातूवर चालतं, बंपरवर नाही. आणि पत्र्यावरसुद्धा ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं. ११० मायक्रॉन आले म्हणजे त्यात क्लिअर किती उरला, ते त्यावरून कळत नाही. दुसऱ्यांदा रंगवलेल्या दरवाज्यावर आकडा दुप्पट येतो, पण म्हणून तो दरवाजा दुप्पट घासता येत नाही.

दुसरी अडचण इथल्या हवेची. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उसाच्या चिपाडांची राख उडते, सकाळी गाड्यांवर काळे कण बसलेले असतात. ही राख मऊ दिसते, पण तिच्यात सिलिका भरपूर. खडी क्रशरची धूळ बेसाल्टची, तिच्यातली खनिजं क्लिअरपेक्षा कितीतरी कठीण. यावरून सकाळी कोरडं फडकं फिरवायचं, किंवा एकाच बादलीतल्या पाण्यात तेच फडकं बुडवून ओळीनं दहा गाड्या पुसायच्या, ही आपली सार्वत्रिक पद्धत. काढलेलं जाळं त्यानं महिन्या-दोन महिन्यांत परत येतं. मग गिऱ्हाईक पुन्हा येतं, पुन्हा दोन-चार मायक्रॉन जातात. मामा प्रत्येकाला सांगतात: आधी भरपूर पाणी मारून राख वाहून जाऊ द्या, मग हात लावा. पाणी नसेल तर राहू द्या, राख दिसली तरी चालेल. ऐकणारे थोडे.

तिसरी अडचण बाजाराची, आणि मला ती सर्वांत जास्त टोचली. कुणाच्या गाडीला किती वेळा मशीन लागलं याची नोंद कुठंच होत नाही. सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलचा रकाना असतो, रंगाचा नसतो. जुनी गाडी विकायला काढली की दलाल आधी पॉलिश करून घेतो, घेणारा पुन्हा करून घेतो, सिरॅमिक कोटिंग करायचं म्हटलं की त्याआधी पुन्हा पॉलिश. तीन मालक झालेल्या गाडीचे चाळीस मायक्रॉन कुठवर आले असतील? घाईच्या दुकानांत तर ओरखडा कापतच नाहीत, बुजवणारं ग्लेझ चोपडून देतात. चार-सहा धुण्यांत ते जातं आणि गाडी पुन्हा मशीनखाली येते. क्लिअर फार पातळ झाला की आधी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग उठतात, मग पोपडे सुटतात. तिथं कुठलंच पॉलिश चालत नाही. तो भाग खरडून नव्यानं रंगवावा लागतो.

मामांनी एक साधी शंभरपानी वही ठेवली आहे. गाडीचा नंबर, तारीख, टपाचा, बॉनेटचा, चारी दरवाज्यांचा आकडा. काही नंबरांपुढे लाल शाईनं ‘पुन्हा नको’ असं लिहिलेलं आहे. अशी गाडी आली की ते नुसती धुऊन, वॅक्स लावून परत देतात आणि कारण सांगतात. मालक बहुधा रागावतो. शेजारच्या गल्लीत दुसरं दुकान आहेच.

नव्या पोराला मामा पहिल्याच आठवड्यात भंगारातलं एक बॉनेट आणि ते टांगलेलं रोटरी देतात आणि धार जाळायला सांगतात, मुद्दाम. सेकंद मोजत. आधी तकाकी येते, मग वास येतो, मग एकदम खालचा प्रायमर दिसतो. हे एकदा स्वतःच्या हातानं केलेला मुलगा गिऱ्हाइकाच्या गाडीची धार जाळत नाही, असा त्यांचा अनुभव. अडचण अशी की तयार झालेली पोरं पुण्यातल्या मोठ्या दुकानांत जातात. तिथं पगार बरा मिळतो. त्यांचे फोन येतात तेव्हा मामा तब्येत विचारतात आणि लगेच मशीन कुठलं आहे ते विचारतात. बहुतेक जण ‘रोटरी’ म्हणतात, कारण संध्याकाळपर्यंत ठरलेल्या गाड्या संपवायच्या असतात. मग मामा कडांवर टेप लावता का, असं विचारतात.