रोज रात्रीचे चूर्ण

रात्री चमचाभर चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, अशी तक्रार सांगणारे पुष्कळ रुग्ण दवाखान्यात येतात. ‘झाडपाल्याचे औषध आहे, अपाय कसला?’ असेही वर म्हणतात. हा समज तपासून पाहायला हवा.

अशा बऱ्याच चूर्णांत सोनामुखीची पाने असतात. काहींत कोरफडीपासून केलेला काळा बोळ किंवा रेवाचिनीही असते. सोनामुखीतील रेचक द्रव्ये लहान आतड्यातून जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारा पदार्थ आतड्याला चेतवतो. आतड्याचे आकुंचन वाढते, मळातील पाणी पुरेसे शोषले जात नाही आणि ६ ते १२ तासांत शौचास होते. पोटात मुरडा येतो तोही यामुळेच.

खरी गोम पुढेच आहे. जुलाबाने रिकामे झालेले आतडे पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तोवर शौचास न होणे स्वाभाविक असते. पण रुग्ण धास्तावतो, पुन्हा चूर्ण घेतो आणि चक्र सुरू होते. पुढे मात्रा वाढत जाते.

वारंवार जुलाब झाल्यास शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होते. थकवा येतो, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

चार-आठ दिवसांपुरती सोनामुखी उपयुक्त आहे. डॉक्टरही तिच्या गोळ्या देतात. आक्षेप आहे तो स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे घेण्याला.

मग करावे काय? पाकिटावरील घटक वाचा. सवय जुनी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करा. भाकरी, पालेभाज्या, सालासकट कडधान्ये खा. इसबगोल घ्यायचे तर भरपूर पाण्याबरोबर. सकाळी चहानंतर दहा मिनिटे निवांत शौचास बसा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांपैकी काहीही नैसर्गिक असू शकते.

मात्र पोट दुखत असून उलट्या होत असतील तर रेचक मुळीच घेऊ नका. शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणे, ही लक्षणे चूर्णाने झाकू नका. वेळीच तपासणी करून घ्या.