व्हेनिस : पाहुणे वाढले, शेजारी घटले

व्हेनिसमध्ये रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानात २००८पासून एक आकडा झळकतो आहे : बेटांवरच्या जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा. १९५१च्या सुमारास तिथे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली.

सगळा दोष पर्यटनाचा नाही. दमट घरं, वारंवार चढणारं पाणी आणि मुख्य भूमीवरचे कारखाने यांमुळे लोक आधीपासूनच बाहेर पडत होते. पण रिकाम्या झालेल्या घरात पुन्हा बिऱ्हाड येत नाही, ते पर्यटनामुळे. महिन्याच्या भाडेकरूपेक्षा दोन रात्रींचे पाहुणे मालकाला कितीतरी जास्त देतात. मग गिऱ्हाईक बदलतं, आणि गल्लीतला भाजीवाला जाऊन मुखवट्यांचं दुकान येतं. एक स्क्रू हवा असला तरी वणवण. कामावर निघालेल्यांना बोटीत बॅगांच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

२०२१मध्ये प्रचंड क्रूझ जहाजांना ज्युडेका कालव्यात बंदी झाली. २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेतलं जाऊ लागलं. पाच युरोंनी कोण थांबणार? शिवाय मूळ दुखणं घरांचं आहे, आणि मुक्कामी पाहुण्यांना हे शुल्क लागूच नाही.