फाइल समोर, तरी सापडेना

प्रिंटर चालत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी ड्रायव्हरच्या मागे लागतात. काढा, पुन्हा टाका, मशीन रीस्टार्ट करा. लिनक्सवर ही घाई करू नये, असं मी आग्रहाने सांगतो. तिथे छपाईचा एकेक टप्पा उघडून बघता येतो आणि काम कुठे अडलं ते मशीनच सांगतं.

तालुक्याच्या एका वाचनालयात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट बसवलं होतं. शेजारी यूएसबीचा लेझर प्रिंटर. कंपनीने दिलेला लिनक्सचा ड्रायव्हर विनातक्रार इन्स्टॉल झाला, यादीत प्रिंटरचं नावही आलं. पण सभासदांची यादी छापायला दिली की काम रांगेत जायचं आणि ‘फिल्टर फेल्ड’ असा शेरा लागून थांबायचं.

“पुन्हा इन्स्टॉल करून बघायचं का, सर?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“थांबा मॅडम, आधी लॉग वाचू.”

लिनक्सवरची छपाई कप्स सांभाळतं. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये त्याचं काम सुरू केलं, १९९९ मध्ये ते लोकांच्या हाती आलं. मॅकवरही तेच चालतं. प्रोग्रॅममधून मजकूर बहुधा पीडीएफ होऊन निघतो. फिल्टर नावाचे छोटे प्रोग्रॅम ओळीने त्याचं ठिपक्यांचं चित्र करतात, मग त्या प्रिंटरला कळेल असा डेटा बनवतात आणि शेवटी बॅकएंड तो केबलवर सोडतो. कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे मुख्यतः यातला शेवटचा फिल्टर आणि प्रिंटरची माहिती देणारी पीपीडी फाइल.

तपासणी मी केबलच्या बाजूने सुरू करतो. ‘एलएसयूएसबी’मध्ये प्रिंटर दिसला. ‘एलपीइन्फो’ने त्याचा यूएसबी पत्ताही दाखवला. म्हणजे केबल ठीक, बॅकएंड ठीक. मग कप्सचं डीबग लॉगिंग चालू केलं, पुन्हा प्रिंट दिली आणि एरर लॉग खालून वर वाचत गेलो. प्रत्येक ओळीवर कामाचा नंबर असल्यामुळे आपली ओळ लगेच सापडते. कंपनीचा फिल्टर सुरूच होत नव्हता. कारण दिलं होतं: अशी फाइल नाही.

फोल्डर उघडलं तर फाइल तिथेच होती. नाव बरोबर, चालवण्याची परवानगीही होती. भले भले इथेच अडकतात. ‘फाइल’ कमांडने खुलासा केला: फिल्टर ३२ बिटचा, सिस्टिम ६४ बिटची. असा प्रोग्रॅम सुरू व्हायला आधी लोडर लागतो, आणि लोडरचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहिलेला असतो. तो ३२ बिटचा लोडर मशीनवर नव्हता. हरवला होता लोडर, पण लॉगमध्ये नाव येत होतं फिल्टरचं. अशा अपुऱ्या संदेशामुळे माणूस तास न् तास भलतीकडेच शोधत बसतो. खरं तर आपल्याला काय काय लागतं हे पॅकेजनेच सांगायला हवं. लिनक्स चालतं असा दावा करणाऱ्या कंपनीकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

उपाय थोडक्यात: आय३८६ आर्किटेक्चर जोडलं, सी लायब्ररी आणि कप्सची लायब्ररी ३२ बिटमध्ये घेतली. ‘एलडीडी’ लावून काही राहिलंय का ते पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

नवीन प्रिंटर घेणाऱ्यांनी हा सगळा व्याप टाळावा. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट असलेल्या प्रिंटरला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. यूएसबीवरही ‘आयपीपी-यूएसबी’मुळे अनेक मॉडेलं तशीच चालतात. पण वाचनालयाचा प्रिंटर धडधाकट होता, तो टाकून देणं मला पटलं नसतं.

यादी छापून आली, पण तळाची दोन नावं गायब. पीपीडीत कागद लेटर होता, उंची २७९ मिलिमीटर. आपला ए४ असतो २९७. कप्सच्या पानावर जाऊन डीफॉल्ट ए४ केला आणि पुढच्या प्रतीत सगळे सभासद आले.