भुलाबाईचा महिना

भाद्रपद पौर्णिमेच्या संध्याकाळी अमरावती-अकोल्याकडच्या घरांत मातीची एक जोडी पाटावर किंवा कोनाड्यात मांडली जाते. डोक्याला फेटा बांधलेला भुलोजी, शेजारी लुगडे नेसलेली भुलाबाई आणि मांडीवर लहानगा गणपती. त्या दिवसापासून आश्विनातल्या कोजागिरी पौर्णिमेपर्यंत, पूर्ण एक महिना, दिवेलागणीनंतर वस्तीतल्या मुली या जोडीसमोर जमतात आणि गाणी म्हणतात. २०२५ साली हा महिना ७ सप्टेंबरला सुरू होऊन ६ ऑक्टोबरला संपला. अधिक श्रावण आलेल्या २०२३ साली तो २९ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर असा पुढे सरकला होता. पोळा, महालक्ष्म्या आणि गणपती आटोपलेले असतात, पितृपक्ष लागतो, मग नवरात्र येते, दसरा होतो. मोठ्या माणसांचे सण एकामागून एक येतात आणि जातात. या सगळ्यांच्या खालून मुलींचा हा एकच सण सलग महिनाभर चालू राहतो.

भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. कथा अशी सांगतात की शिवपार्वती सारीपाट खेळत होते, शंकर हरले आणि रुसून रानात निघून गेले. पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्यांच्यामागे गेली, नाचली, गायली, आणि शंकर तिला भुलले. भुलणारा तो भुलोजी आणि भुलवणारी ती भुलाबाई. नावाचा संबंध ‘भू’ म्हणजे जमिनीशी लावून ही पेरलेल्या शेताची देवता मानणारेही आहेत, आणि उभ्या ज्वारीच्या दिवसांत तिची पूजा होते हे पाहता त्यात तथ्य वाटते. बायाबापड्यांच्या मनात मात्र तिसराच अर्थ पक्का आहे. पार्वती महिनाभर माहेराला आली आहे आणि कोजागिरीला ती परत जाणार. गाण्यांमधला सगळा जीव या अर्थातून आलेला आहे.

पश्चिम महाराष्ट्रात याच सुमाराला भोंडला किंवा हादगा होतो. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्तीचे चित्र काढायचे, त्याभोवती फेर धरायचा. खानदेशात भुलाबाईलाच गुलाबाई म्हणतात. देवता, मांडणी आणि दिवस थोडे वेगळे, पण गाणी बरीचशी सामाईक. पुण्याची मुलगी अकोल्यात आली तर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासून तिला सूर मिळवता येतो. शब्द इकडे वऱ्हाडी वळणाने येतात, दागिन्यांची आणि खाण्याच्या पदार्थांची नावे बदलतात, ओळ मात्र ओळखीची निघते. छापील पुस्तकाचा फारसा आधार नसताना, सासरी जाणाऱ्या मुलींबरोबर ही गाणी इतकी लांबवर पोहोचली. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत लोकगीतांचे संकलन छापले, तेव्हा आजीच्या तोंडची गाणी शिकलेल्या वाचकांपर्यंत कागदावर पोहोचली.

संध्याकाळचा क्रम साधा असतो. आज कोणाच्या घरी आधी जायचे हे शाळेतून येतानाच ठरते. मुली जमल्या की भुलाबाईपुढे दिवा लावतात, हळदकुंकू वाहतात. मग कुठे मूर्तीसमोर बसून टिपऱ्यांच्या ठोक्यावर, कुठे फेर धरून टाळ्यांवर गाणी सुरू होतात. आरंभीचे गाणे पूजेचे आणि मोजणीचे असते. मधली गाणी सासरमाहेराची, आणि शेवटची खिरापत मागणारी. एका घरची गाणी झाली, खाऊ वाटला गेला, की घोळका पुढच्या दाराशी. चार-पाच घरे झाली की रात्रीच्या जेवणाची हाक येते.

या गायनाला बसवणारा कोणी नाही. युरोपात मुलांच्या गायकवृंदाची जी परंपरा आहे, तिच्यात आधी सराव आणि मग सादरीकरण असे दोन टप्पे पडतात. १४९८ साली सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने व्हिएन्नाच्या दरबारी प्रार्थनागृहासाठी मुलगे नेमले. त्यांना शिक्षक होते, लिहिलेले संगीत होते, वेगवेगळ्या उंचीचे सूर एकत्र बांधायचे होते. आजचा व्हिएन्ना बॉइज कॉयर आपला उगम तिथेच सांगतो. भुलाबाईच्या गाण्यात सगळ्यांचा सूर एकच आणि शिकवणी वेगळी होत नाही. सात वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी बहिणीचा हात धरून येते. तिला टाळी येते, ओळीचा शेवटचा शब्द येतो. आठवडाभरात धृपद येते. घटस्थापनेपर्यंत ती निम्मी गाणी म्हणू लागलेली असते, आणि कोजागिरीला तिच्या मागे उभ्या असलेल्या आणखी लहान मुलीला तिचेच तोंड पाहून शब्द मिळतात. सराव आणि कार्यक्रम एकच असल्यामुळे चुकायला महिनाभराची मोकळीक असते. गायला शिकण्याची याहून प्रेमळ व्यवस्था सांगणे कठीण आहे.

हे जमते ते गाण्यांच्या घडणीमुळे. चाली लहान पल्ल्याच्या असतात. मोजक्या सुरांत फिरून पुन्हा आरंभाच्या सुरावर येतात, त्यामुळे कोवळ्या गळ्याला ताण पडत नाही. ओळ एका श्वासात संपते. ठोका चालण्याच्या गतीचा, टिपरीला सोपा. सुरुवात करणारी मुलगी जो सूर लावेल तोच सगळ्यांचा. तो फार चढा लागला तर लहान मुली तिसऱ्या-चौथ्या ओळीला गळतात, मग सगळ्या हसतात आणि खालून पुन्हा सुरू करतात. वयात येण्याआधी मुलाचा आणि मुलीचा आवाज सारख्याच उंचीचा असतो, म्हणून खाऊच्या ओढीने आलेले धाकटे भाऊही त्यात सहज मिसळून जातात.

शब्दांची रचना त्याहून कुशल आहे. कारल्याच्या वेलाचे गाणे घ्यावे. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी लाव. बी लावले, आता तरी जाऊ का? वेल येऊ दे. वेल आला. फूल येऊ दे. फूल आले. कारले लागू दे, मग त्याची भाजी होऊ दे, मग जेवणे होऊ देत, मग उष्टी निघू देत. दर कडव्यात एकच गोष्ट बदलते आणि बाकीचे तसेच राहते. नवे फक्त एका शब्दापुरते असते, आणि तो शब्द काय असणार हे बाल्कनीतल्या कुंडीत वेल वाढताना पाहिलेल्या मुलालाही ठाऊक असते. बी, वेल, फूल, फळ हा क्रम विसरणे शक्य नाही, म्हणून गाणे विसरणे शक्य नाही. रुसून बसलेल्या सुनेच्या गाण्यात हेच काम नात्यांच्या क्रमाने होते. सासू समजवायला जाते, सासरा जातो, दीर, जाऊ, नणंद, प्रत्येकजण एकेक दागिना किंवा वस्तू देऊ करतो आणि ती मानत नाही. घरातली माणसे ज्या क्रमाने ओळीला बसतात, त्याच क्रमाने कडवी येतात.

या गाण्याच्या काही पाठांत शेवटी नवरा चाबूक घेऊन येतो आणि सून उठते. आजच्या आईवडिलांना इथे दचकायला होते, आणि ते बरोबरच आहे. पण हे गाणे रचले गेले त्या काळात ते म्हणणारी मुलगीच सासुरवाशीण होती किंवा वर्षा-दोन वर्षांत होणार होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले, यावरून त्याआधी काय चालत होते याची कल्पना येते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला सासरी काय वाट्याला येईल, ते उघड बोलायची सोय नव्हती. टिपऱ्यांच्या ठोक्यावर, मैत्रिणींच्या घोळक्यात, देवीच्या नावाने ते म्हणता येत होते. सासूची चेष्टा, नणंदेचा राग, न येणारा माहेरचा मुऱ्हाळी, सगळे त्यात बसत होते. सणाला माहेरी आलेली मुलगी हे गाणे म्हणताना ओसरीवर बसलेल्या आईलाही ते ऐकू जात असे. अनेक घरांत आता चाबकाचे कडवे गाळतात किंवा नवरा काही गोड देऊन समजूत काढतो असे म्हणतात. लोकगीताला असा बदल नवा नाही, तरी जुना पाठ कुठे तरी नोंदलेला असावा. मुलींनी काय सोसले याचा तो पुरावा आहे.

गाण्यांनंतरचा खेळ खिरापतीचा. घरच्या बाईने खाऊ झाकलेल्या डब्यात ठेवलेला असतो आणि तो मुलींनी ओळखायचा. डबा कानाशी हलवतात. खडखडला तर फुटाणे किंवा शेंगदाणे, मंद वाजला तर मुरमुरे, मुळीच वाजला नाही तर पेढा किंवा केळे. गोड की तिखट, घरचे की बाजारचे, असे प्रश्न विचारता येतात. आश्विन हा वऱ्हाडात सीताफळांचा आणि शिंगाड्यांचा मोसम, त्यामुळे तीही नावे हमखास घेतली जातात. ओळखता येऊ नये म्हणून आया कल्पकता पणाला लावतात. भिजवलेली डाळ, काकडीच्या फोडी, खोबरे आणि खडीसाखर एकत्र, असे काहीबाही. हरल्याचे कबूल केल्यावरच झाकण निघते. ज्या घरी खाऊ ओळखणे अवघड, त्या घरी दुसऱ्या दिवशी मुली आधी जातात.

कोजागिरीला महिन्याचा शेवट होतो. त्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांची मांडवी उभी करून भुलाबाई-भुलोजीला तिच्याखाली बसवतात. धांडे कणसांसकट असतात, आणि त्या दिवसांत कणसात दाणा भरत असतो. घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला आई ओवाळते. चंद्र दिसेपर्यंत दूध आटते आणि महिनाभराची सगळी गाणी एकदा सलग म्हटली जातात. प्रत्येक घराची एकेक पाळी न राहता त्या रात्री गल्लीच एकत्र येते. मग मूर्ती पाण्यात सोडायच्या किंवा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवायच्या, जशी त्या घरची रीत असेल तशी.

कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी अमरावती जिल्ह्यात समूहाने गाण्याचा दुसरा मोठा प्रसंग येतो. आश्विन वद्य पंचमी ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. ११ ऑक्टोबर १९६८ या दिवशी त्यांनी मोझरीच्या गुरुकुंजात देह ठेवला. यावली गावी १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजींनी खंजिरी हातात घेऊन गावेच्या गावे एका सुरात गायला लावली, आणि सामुदायिक प्रार्थना ही वऱ्हाडाच्या खेड्यांची रोजची सवय केली. पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय स्तब्ध उभा राहून मौन पाळतो. या भजनी परंपरेत मुलांनाही जागा आहे. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या वतीने उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी मुलांची सुसंस्कार शिबिरे भरतात, आणि तिथे प्रार्थना व भजने शिकवली जातात. भुलाबाईत मागे उभा राहणारा धाकटा भाऊ इथे खंजिरी घेऊन पुढे बसलेला दिसतो. दोन्ही ठिकाणी मूल शेजारच्याचे ऐकूनच शिकते, फरक इतकाच की शिबिरात वेळ, रांग आणि शिकवणारा ठरलेला असतो.

भुलाबाईच्या महिन्यावर गेल्या काही दशकांत दोन बाजूंनी ताण आला. पहिला शेतातून. वऱ्हाडात ज्वारीचे क्षेत्र घटले आणि तिच्या जागी सोयाबीन पसरले. ज्या घरच्या शेतात धांडे हवे तेवढे मिळत, त्या घराला ते आता शोधावे किंवा विकत आणावे लागतात. सोयाबीनची सोंगणीही नेमकी याच दिवसांत येते. दिवसभर शेतात राबून आलेल्या आईला चार घरच्या मुलींसाठी रोज नवा खाऊ सुचणे सोपे नसते. दुसरा ताण शाळेचा. सहामाही परीक्षा आणि शिकवण्या याच महिन्यात येतात, त्यामुळे अनेक ठिकाणी महिना आक्रसून पाच दिवसांवर किंवा कोजागिरीच्या एका रात्रीवर आला आहे. एका रात्रीत लहान मुलीला गाणे येत नाही. तिला महिना लागतो.

याची भरपाई म्हणून शाळा आणि महिला मंडळे भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा घेऊ लागली. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानचा भुलाबाई महोत्सव याच हेतूने होतो. स्पर्धेमुळे नऊवारी नेसलेल्या, ढोलकीच्या साथीने गाणाऱ्या मुलींची पथके तयार झाली, आयांनी आज्यांकडून शब्द विचारून घेतले, आणि शहरातल्या ज्या घरांत भुलाबाई मांडणे थांबले होते तिथल्या मुलींना निदान दहा गाणी पाठ झाली. हा लाभ मोठा आहे आणि त्यासाठी झटणाऱ्या बायांचे कष्ट खरे आहेत. पण रंगमंचावर वेळ मोजलेली असते. सगळी कडवी म्हणायला सवड नसते, म्हणून पथक बसवताना मधली गाळावी लागतात, आणि वेळ वाढत जाण्यावरच ज्या गाण्याची गंमत आहे तेच गाणे आधी कापले जाते. कारल्याला फूल येते तोवर घंटा होते, आणि सुनेला माहेरी जायची परवानगी मिळायची राहून जाते. म्हणून आजीच्या तालमीत तयार झालेल्या काही बाया पथकाच्या सरावात तरी ते गाणे शेवटपर्यंत म्हणून घेतात. भाजी होते, जेवणे होतात, उष्टी निघतात, वेणी घातली जाते, आणि मग कुठे मुली टिपऱ्या खाली ठेवतात.